स्कूटरच्या पुलीचा नट सुटत नाहीये? जोर वाढवण्याआधी हे वाचा

ऑटोमॅटिक स्कूटरचा बेल्ट आणि रोलर घरच्या घरी बदलता येतात, असं सांगणारे भरपूर व्हिडिओ सोशल मीडियावर फिरतात. व्हिडिओत नट अर्ध्या मिनिटात सुटतो. प्रत्यक्षात मात्र अनेकांचं काम तिथेच अडतं. पाना फिरवला की नटासोबत अख्खी पुलीच फिरू लागते. मग कुणी पंख्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवतं, कुणी नटावर छिन्नी मारतं.

यात नुकसान नटापुरतं राहत नाही. पुढच्या पुलीचा नट थेट इंजिनच्या क्रँकशाफ्टवर बसलेला असतो. त्या शाफ्टचे आटे गेले, तर इंजिन खोलण्यापर्यंत वेळ येते. म्हणून हा नट जाम का होतो आणि तो कसा सोडवायचा, हे आधी समजून घेऊ.

कव्हरच्या आत कोणते नट असतात?

पेट्रोलवर चालणाऱ्या गिअरलेस स्कूटरच्या डाव्या बाजूला लांबट कव्हर असतं. त्याच्या आत दोन पुली आणि त्यांना जोडणारा रबरी बेल्ट असतो. यालाच सीव्हीटी म्हणतात.

पुढची पुली: ही क्रँकशाफ्टवर असते. तिच्या बाहेरच्या अंगाला बहुतेक स्कूटरमध्ये पंख्याची पाती असतात. आतल्या अंगाला रोलर असलेला व्हेरिएटर असतो. हे सगळं एकच नट दाबून धरतो.

मागची पुली आणि क्लच: क्लचवर वाटीसारखं झाकण असतं आणि त्यावर एक नट असतो. ही वाटी काढली की आत आणखी एक मोठा, चपटा नट दिसतो. तो वेगळा आणि धोकादायक आहे. त्याबद्दल पुढे पाहू.

मागच्या चाकाचा नट: हा कव्हरच्या बाहेर, बहुतेक गाड्यांमध्ये उजव्या बाजूला सायलेन्सरजवळ असतो.

नट एवढा घट्ट का बसतो?

पहिलं कारण म्हणजे तो मुळातच घट्ट बसवलेला असतो. इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेतं, त्यामुळे हा नट सैल राहून चालत नाही. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलो वजनाइतका जोर लावला, तर नटावर साधारण ५९ न्यूटन-मीटर पीळ पडतो. तोच जोर ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर लावला, तर पीळ दुप्पट होतो. म्हणजे ताकद तेवढीच ठेवून दांडा लांब घेतला तरी काम सोपं होतं.

दुसरं कारण गंज. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालवलेल्या किंवा कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे नट लवकर गंजतात. चाकाच्या नटाला हा त्रास जास्त होतो, कारण तो उघड्यावर असतो.

तिसरं कारण माणसाचं. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये नट इम्पॅक्ट गनने गरजेपेक्षा जास्त आवळलेला असू शकतो.

पण घरी काम करताना खरी अडचण बहुधा वेगळीच असते. पुली धरून ठेवायला काहीच नसतं. लावलेला जोर नट सोडवण्याऐवजी इंजिन फिरवण्यात जातो.

सुरक्षित पद्धत कोणती?

१. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चावी आणि स्पार्क प्लगची कॅप काढून ठेवा.

२. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असू शकतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

३. नटावर नेमक्या मापाची सहा कोनी गोटी बसवा. बारा कोनी गोटी जुन्या नटाच्या कडा लवकर खाते. अॅडजस्टेबल पाना इथे वापरूच नका.

४. पुली धरण्यासाठी होल्डर वापरा. दोन पिनांचा होल्डर पुलीच्या भोकांत बसतो, पट्ट्याचा होल्डर गोल भागाला आवळून धरतो. स्पेअर पार्टच्या दुकानात आपल्या गाडीचं मॉडेल सांगून विचारा. कामातला सगळ्यात महत्त्वाचा पाना हाच आहे.

५. एकाने होल्डर धरावा, दुसऱ्याने लांब दांडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ओढावा. झटके देण्यापेक्षा सलग, वाढता जोर चांगला. गोटी नटावर सरळ बसलेली राहील याकडे लक्ष ठेवा.

६. होल्डरने जमत नसेल, तर बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन उपयोगी पडते. ती एकसारखा पीळ न देता वेगाने लहान-लहान ठोके देते. त्यामुळे पुली फिरण्याआधीच नट सैल होतो.

चाकाचा नट सोडवणं त्यामानाने सोपं आहे. दुसऱ्या व्यक्तीला मागचा ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगा. चाक लॉक झालं की नटावर पूर्ण जोर लावता येतो.

व्हिडिओतले जुगाड किती खरे?

पंख्यात स्क्रू ड्रायव्हर अडकवणं: नट सुटेलही, पण पाती तुटू शकतात. हाच पंखा बेल्टला थंड ठेवतो. एक-दोन पाती तुटली तर पुलीचा तोलही बिघडतो.

स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी सोडून पिस्टन अडवणं: ही जुनी युक्ती आहे आणि ती चालतेही. पण त्या वेळी व्हॉल्व्ह उघडे असतील तर दोरी त्यांच्यावर दाबली जाऊन ते वाकू शकतात. इंजिनची नीट माहिती नसेल तर करू नये.

डब्ल्यूडी-४० मारून ठेवणं: हा स्प्रे १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झाला. नावातला ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी दूर सारणारा, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. चाकाच्या गंजलेल्या नटावर तो मारून काही तास थांबलं तर फायदा होतो. कव्हरच्या आत मात्र स्प्रे मारू नका. बेल्ट किंवा क्लचला तेल लागलं की ते घसरू लागतात. अगदीच गरज पडली तर ब्रशने आट्यांवर दोन थेंब सोडा आणि नंतर ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.

नट तापवणं: तापल्यावर नट प्रसरण पावतो, हे बरोबर आहे. पण पुढच्या पुलीच्या मागे इंजिनचं रबरी ऑइल सील असतं आणि जवळच पेट्रोल. घरी आगीचा प्रयोग टाळा.

छिन्नी-हातोडी: ठोके क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगपर्यंत जातात. शिवाय नटाच्या कडा गेल्या, तर पुढे मेकॅनिकचंही काम अवघड होतं.

हा एक नट घरी खोलू नका

क्लचची वाटी काढल्यावर दिसणारा मोठा चपटा नट दाबलेली जाड स्प्रिंग अडवून धरतो. नट सुटताक्षणी क्लचचे भाग जोरात उसळून हाताला किंवा तोंडाला लागू शकतात. त्यासाठी स्प्रिंग दाबून धरणारं खास टूल लागतं. बेल्ट बदलायला हा नट खोलावा लागत नाही. क्लच आणि मागची पुली एकत्रच बाहेर येतात.

परत बसवताना होणारी मोठी चूक

नट सुटला म्हणजे काम संपलं, असं नाही. परत बसवताना बेल्ट पुढच्या पुलीत दोन तबकड्यांच्या मध्ये चिमटला जाऊ शकतो. अशा वेळी नट आवळल्यासारखा वाटतो, पण तो पुलीऐवजी बेल्टला दाबत असतो. गाडी थोडी चालली की बेल्ट सरकतो, नट सैल होतो आणि हलणारी पुली क्रँकशाफ्टच्या खाचा खराब करते.

हे टाळण्यासाठी आधी मागच्या पुलीच्या तबकड्या फाकवून बेल्ट त्यात खोल दाबा. पुढे बेल्टला ढील मिळेल. बाहेरची तबकडी खाचांवर पूर्ण आत बसली आहे, हे पाहूनच नट हाताने फिरवा. मग सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाएवढा टॉर्क पान्याने आवळा. हे माप प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. इम्पॅक्ट गन नट खोलायला ठीक आहे, शेवटचं आवळायला नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर आट्यांना तेलही लावू नका. तेल लावलेला नट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो.

कधी थांबायचं?

गोटी नटावरून एकदा जरी सटकली, कडा गोल होऊ लागल्या किंवा नट फिरतोय पण बाहेर येत नाही असं दिसलं, तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. गाडी वॉरंटीत असेल तर कव्हर खोलण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. इलेक्ट्रिक स्कूटरची रचना पूर्ण वेगळी असल्याने यातली कोणतीही पद्धत तिच्यावर वापरू नका.