बिघडलेला बिट कर्नलला सांगणार कोण?

मंडळी, मुंबईहून पुण्याला रेल्वेने गेला असाल तर कर्जतला गाडी थोडी जास्त वेळ का थांबते हे तुम्हाला ठाऊक असेलच. (नाही, वडे घ्यायला वेळ मिळावा म्हणून नाही!) बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट आहे. १८६३ साली हा मार्ग खुला झाला, आणि आजही बहुतेक गाड्यांना एकट्या इंजिनाच्या जोरावर तो चढ झेपत नाही. म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात.

आता गंमत बघा. पुढच्या ड्रायव्हरला मागचं इंजिन दिसत नाही. तिकडे काही बिनसलं तर त्याला कळणार कसं? रेल्वेने यासाठी शिट्ट्यांची ठरलेली भाषा तयार केली. पुढे वॉकीटॉकी आले. आपल्या कॉम्प्युटरमध्येही हल्ली असंच जोडकाम असतं. पुढे मुख्य प्रोसेसर, जोर लावायला जीपीयूसारखा ॲक्सिलरेटर, आणि गाडी हाकायला ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल. पण जीपीयूच्या मेमरीत एखादा बिट बिघडला तर कर्नलला शिट्टी कोण देतं? या प्रश्नाला चांगला ७० वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात वीकेंडपासूनच होते :) १९४० च्या दशकाच्या शेवटी बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी रिलेवर चालणाऱ्या मशीनला कामं लावून जायचा. मशीनला चूक सापडायची, पण सुट्टीच्या दिवशी ती दुरुस्त करायला कोणी नसायचं. मग मशीन ते काम सोडून पुढचं हातात घ्यायचं. सोमवारी येऊन बघावं तर काम झालेलंच नाही! वैतागलेल्या हॅमिंगने विचार केला, की मशीनला चूक झाल्याचं कळतंय तर ती कुठे झाली हेही का कळू नये? १९५० साली त्याने चूक सुधारणारा कोड प्रसिद्ध केला. आजची ईसीसी मेमरी त्याचीच वंशज. ६४ बिटांमागे ८ जास्तीचे बिट ठेवायचे. एक बिट उलटला तर दुरुस्त करायचा, दोन उलटले तर निदान बोंब मारायची.

पण बिट मुळात उलटतातच का? १९७८ मध्ये इंटेलच्या मे आणि वुड्स या दोघांनी दाखवून दिलं की चिपच्या सिरॅमिक वेष्टणातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण हे काम करतात. पुढच्याच वर्षी झीगलर आणि लॅनफर्ड यांनी दुसऱ्या गुन्हेगाराकडे बोट दाखवलं: वैश्विक किरण. हे आपल्या ओळखीचे! होमी भाभांनी हाइटलरबरोबर १९३७ साली याच किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला होता. हवेचा थर पातळ होईल तसा या किरणांतून येणाऱ्या न्यूट्रॉनचा मारा वाढतो. म्हणजे खालापूरचा टोलनाका सोडून एक्सप्रेसवेने लोणावळ्याला पोचेपर्यंत तुमच्या लॅपटॉपवरचा मारा साधारण दीडपट झालेला असतो. घाबरू नका, धोका तरीही बारीकच असतो. पण हजारो मशीन एकत्र आली की बारीक धोका रोजचा होतो. २००९ साली गुगलच्या सर्व्हरवरचा एक अभ्यास आला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक सापडली होती.

कर्नलने या बातमीचं काय करायचं? १९८१ च्या आयबीएम पीसीचं उत्तर सोपं होतं: पॅरिटी चुकली की सगळं जागीच थांबवा. लिनक्समध्ये अशा वेळी एक प्रसिद्ध संदेश यायचा. त्याचा अर्थ साधारण असा, की ‘मी भांबावलोय, पण चालत राहायचा प्रयत्न करतोय’. प्रामाणिक आहे, पण उपयोग काय? १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसर चुकीचा तपशील रजिस्टरमध्ये लिहून ठेवू लागला. २००६ मध्ये लिनक्समध्ये ईडॅक आलं, आणि कुठल्या पट्टीत किती चुका झाल्या याचा हिशोब सुरू झाला. २००९ अखेरीस खरी उडी पडली. बिघडलेलं ४ केबीचं पान कर्नल बाजूला काढू लागला, आणि ते पान वापरणाऱ्या प्रोग्रामलाच तेवढा सिग्नल देऊ लागला.

बोरघाटातली कॅच सायडिंग हेच करते. उतारावर सांधा मुळातच आडबाजूच्या, चढाच्या रुळाकडे लावलेला असतो. गाडी थांबून काबूत असल्याचं दाखवते, तेव्हाच पुढचा रस्ता मिळतो. बेकाबू गाडी सायडिंगमध्ये जाते, पण बाकीचा घाट चालू राहतो.

आता येऊ ॲक्सिलरेटरकडे. ग्राफिक्स कार्डं मूळची गेमसाठी. एखादा पिक्सेल चुकला तर कोणाचं बिघडत होतं? लोक त्यांच्यावर गणितं करायला लागले तेव्हा प्रश्न आला, आणि २०१० च्या सुमारास एनव्हिडियाच्या फर्मी पिढीत ईसीसी आली. पण एक अडचण राहिली. मुख्य मेमरीच्या प्रत्येक पानाची नोंद कर्नलच्या वहीत असते. कार्डावरच्या मेमरीची वही मात्र बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे असते. कर्नलच्या लॉगमध्ये येते ती ड्रायव्हरने लिहिलेली एक ओळ. एनव्हिडियाच्या एक्सआयडी ४८ चा अर्थ दोन बिट उलटले, दुरुस्ती नाही. एक्सआयडी ७९ तर म्हणतो की जीपीयू बसवरून पडला (एसटीच्या नव्हे, पीसीआयच्या!).

आपल्या पुण्यातही हाच प्रवास दिसतो. सी-डॅकच्या २०१३ च्या परम युवा २ मध्ये झिऑन फाय कोप्रोसेसर होते. २०२० च्या परम सिद्धी-एआयमध्ये ए१०० जीपीयू. ए१०० मध्ये मेमरीची खराब ओळ बदलून राखीव ओळ वापरायची सोय हार्डवेअरमध्येच आहे.

हे सगळं कशासाठी? मेटाने २०२४ मध्ये लामा ३ च्या प्रशिक्षणाचा हिशोब दिला. १६,३८४ जीपीयू, ५४ दिवस, आणि ४१९ वेळा काम अचानक थांबलं. त्यातल्या ७२ वेळा कारण होतं जीपीयूची एचबीएम मेमरी. मला जास्त भीती वाटते ती त्याच यादीतल्या एका लहान आकड्याची. ६ वेळा कारण होतं गुपचूप बिघडलेला डेटा. हार्डवेअरने त्याबद्दल शिट्टीच वाजवली नव्हती. थांबलेलं काम पुन्हा सुरू करता येतं. चुकीचं उत्तर बरोबर समजून पुढे गेलं, तर पावसाचा अंदाज असो की एक्स-रेचं निदान, कोणाला कळणारही नाही.

म्हणून कर्नलमध्ये चाललेलं काम महत्त्वाचं आहे. एएमडीच्या ड्रायव्हरने २०१९ च्या सुमारास खराब पानांची यादी कार्डावरच जपून ठेवायला सुरुवात केली. २०२३ मध्ये एमआय२०० जीपीयूची मेमरी ईडॅकच्या हिशोबात आली. पण अजून प्रत्येक कंपनीची शिट्टी वेगळी आहे. रेल्वेने शिट्ट्यांची एकच भाषा ठरवली, म्हणून कुठलंही बँकर कुठल्याही गाडीला लावता येतं. आपल्या धंद्यात ते व्हायचंय.

तोवर एवढं करा. तुमच्या ऑफिसात जीपीयूचे सर्व्हर असतील तर सोमवारी जाऊन कर्नलचा लॉग उघडा, आणि त्या ओळी कोण वाचतं ते विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, ‘कोणीच नाही’.