सॅव्हिल यांच्या दारापर्यंत : लंडन, जून १७८०

सर जॉर्ज सॅव्हिल हे यॉर्कशरचे खासदार आणि बडे जमीनदार. मंत्रिपद चालून आलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं होतं. १७७८ मध्ये त्यांनी पार्लमेंटमध्ये एक साधा कायदा मांडला. राजनिष्ठेची शपथ घेणाऱ्या कॅथलिकांना जमीन विकत घेता यावी, वारसाहक्काने मिळावी. पाद्र्यांना पकडून देणाऱ्यांचं बक्षीस बंद व्हावं. कायदा विनासायास मंजूर झाला.

शुक्रवार, २ जून, सकाळ. थेम्सच्या दक्षिणेला सेंट जॉर्जेस फील्ड्सवर हजारो माणसं जमली. ऊन कडक, टोप्यांवर निळ्या फिती. नेता तरुण खासदार लॉर्ड जॉर्ज गॉर्डन. मागणी एकच: सॅव्हिल यांचा कायदा रद्द करा.

दुपारी. जमावाने पार्लमेंटला वेढा घातला. उमरावांच्या बग्ग्यांच्या काचा फुटल्या. गॉर्डन सभागृहातून मधूनमधून बाहेर यायचे आणि कोण काय बोलतंय ते जमावाला सांगायचे. माझ्या मते, अनर्थाची सुरुवात तिथे झाली. सभागृह मात्र बधलं नाही.

रात्री. सार्डिनिया आणि बव्हेरियाच्या वकिलातींची प्रार्थनास्थळं फोडली.

रविवार, ४ जून. मूरफील्ड्समध्ये कॅथलिकांचं प्रार्थनास्थळ उद्ध्वस्त झालं.

सोमवार, ५ जून, संध्याकाळनंतर. लेस्टर फील्ड्समधल्या सॅव्हिल यांच्या घराची पाळी आली. आतलं सामान ओढून काढलं आणि रस्त्यात पेटवलं. घरासमोरचं लोखंडी कुंपण उखडलं, आणि त्याचेच गज हत्यारं म्हणून लोकांच्या हातात गेले. घर कायदा करणाऱ्याचं, म्हणून एवढं.

मंगळवार, ६ जून, संध्याकाळ. न्यूगेट तुरुंग पेटला, कैदी मोकळे झाले. मध्यरात्रीनंतर ब्लूम्सबरी स्क्वेअरमध्ये सरन्यायाधीश मॅन्सफील्ड यांचं घर जाळलं. कायद्याची आयुष्यभर जमवलेली पुस्तकं आणि टिपणं राख झाली. मॅजिस्ट्रेटने हुकूम दिल्याशिवाय गोळी चालवता येत नाही, असा सैनिकांचा समज होता. आणि हुकूम दिला तर उद्या आपलं घर जळेल, ही मॅजिस्ट्रेटना धास्ती. या दोन भीतींच्या मधल्या पोकळीत लंडन सापडलं होतं.

बुधवार, ७ जून. राजाने मॅजिस्ट्रेटची वाट न पाहता गोळीबाराची परवानगी दिली. रात्री हॉलबर्नमध्ये लँगडेल या कॅथलिक व्यापाऱ्याची दारूची भट्टी पेटली. आगीतून वाहणारी कच्ची दारू पिताना माणसं तिथेच मेली. बँक ऑफ इंग्लंडवर चालून गेलेला जमाव सैनिकांनी परतवला.

लष्करी नोंदीप्रमाणे २८५ जण ठार झाले किंवा जखमांनी दगावले. पुढे कित्येकांना फाशी झाली. गॉर्डन यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि ते १७८१ मध्ये निर्दोष सुटले.

सॅव्हिल यांचा कायदा रद्द झाला नाही. पण त्याच उन्हाळ्यात सॅव्हिल यांनीच, कॅथलिकांनी प्रोटेस्टंट मुलांना शिकवू नये, असं विधेयक आणलं. ते कॉमन्समध्ये मंजूर झालं आणि लॉर्ड्समध्ये अडलं. ज्या माणसाने कायद्याचा दरवाजा उघडला, त्यालाही या पाच रात्रींनी एक पाऊल मागे नेलं होतं.