पंचवीस मोहिमांचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या भूमीवरून अमेरिकेची हजारो बाँबफेकी विमाने जर्मनीवर चालून गेली. परंतु त्यांपैकी लोकांना नावानिशी ठाऊक असलेले विमान बहुधा एकच, 'मेम्फिस बेल'. बी-१७ जातीच्या ह्या विमानाचा चालक रॉबर्ट मॉर्गन हा उत्तर कॅरोलायनातला चोवीस वर्षांचा तरुण. त्याच्यासह विमानात दहा माणसे. ७ नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रेस्ट बंदरावर त्यांची पहिली मोहीम झाली, आणि १७ मे १९४३ रोजी लोरियाँवरून परतल्यावर मॉर्गनच्या तुकडीच्या पंचवीस मोहिमा पुऱ्या झाल्या.

पंचवीसच का, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. पंचवीस मोहिमा झाल्या की घरी जाता येईल, असा नियम तेव्हा ठरला होता. वरकरणी हा आकडा उदार वाटतो. पण दर मोहिमेत शंभरांतली चारच विमाने परतत नाहीत असे धरा आणि गुणाकार करीत चला. पंचविसाव्या मोहिमेअंती शंभरांतली छत्तीसच उरतात. हा हिशेब वैमानिकांना कोणी शिकवावा लागत नव्हता. भोजनगृहातल्या रिकाम्या खुर्च्या तो रोज मांडून दाखवीत.

मृत्यू केवळ शत्रूच्या गोळीतूनच येई असे नाही. पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीस अंशांची थंडी, आणि विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नाही. प्राणवायूच्या नळीत श्वासाची वाफ गोठली तर माणूस हाक न मारताच बेशुद्ध पडे. उघड्या हाताने तोफेचे लोखंड धरले तर कातडी तिला चिकटून निघे. विमानाच्या पोटाखालच्या गोल बुरुजात एक गोलंदाज गुडघे छातीशी घेऊन तासन्‌तास बसे. आणि लक्ष्याजवळची ती शेवटची काही मिनिटे! नेम साधावा म्हणून विमान रेषेत सरळ ठेवावे लागे. खालून तोफा चालू असताना डावी-उजवीकडे वळण्याची मुभाच नव्हती.

दाटीने उडणारी विमाने आपल्याच तोफांनी आपले रक्षण करतील, ह्या श्रद्धेवर अमेरिकन सेनानी दिवसाढवळ्या हल्ले करीत होते. संरक्षक लढाऊ विमानांना तेवढा लांब पल्ला नव्हता. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टवर गेलेल्या २९१ विमानांपैकी ६० पडली, तेव्हा ती श्रद्धा ढासळली. माझ्या मते ती बरीच आधी ढासळावयास हवी होती. बरे, फळ तरी काय? लोरियाँ आणि सें-नाझेर येथील पाणबुड्यांच्या गोद्यांचे काँक्रीटचे छत कित्येक मीटर जाडीचे. ते बाँबांनी फुटले नाही. इंग्रज व अमेरिकन हल्ल्यांत उद्ध्वस्त झाली ती सभोवतालची फ्रेंच नगरे.

मग कीर्ती 'मेम्फिस बेल'लाच का? 'हेल्स एंजल्स' ह्या विमानाने चार दिवस आधीच, १३ मे रोजी, पंचवीस मोहिमा पूर्ण केल्या होत्या. 'हॉट स्टफ'ने तर फेब्रुवारीतच. परंतु विल्यम वायलर हा चित्रपट-दिग्दर्शक मॉर्गनच्या विमानाचे चित्रण करीत होता, आणि सरकारला घरी मिरविण्यासाठी एक विमान हवे होते. 'हॉट स्टफ'ही अमेरिकेकडेच निघाले होते. वाटेत सेनापती फ्रँक अँड्र्यूज व त्यांच्या मंडळींना जागा देण्यासाठी विमानातल्या काही जणांना उतरावे लागले. ३ मे १९४३ रोजी आइसलंडमध्ये ढगांत ते डोंगरावर आदळले. चौदा माणसे दगावली. शेपटीतला गोलंदाज तेवढा वाचला. जे खाली उतरविले गेले, ते जगले.

मॉर्गन मात्र घरी गौरव घेत बसला नाही. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी सायपान बेटावरून टोकियोवर गेलेल्या बी-२९ विमानांच्या पहिल्या हल्ल्याच्या अग्रभागी त्याचेच विमान होते. तो २००४ साली वारला. इंग्लंडमधून लढलेल्या त्याच्या आठव्या वायुसेनेतली छब्बीस हजारांहून अधिक माणसे युद्ध संपेपर्यंत मरण पावली होती.

२०१८ च्या मे महिन्यात, १७ तारखेला, डागडुजी केलेले 'मेम्फिस बेल' अमेरिकेतील डेटनच्या संग्रहालयात समारंभपूर्वक मांडले गेले. त्याच महिन्याच्या ३ तारखेला आइसलंडमध्ये 'हॉट स्टफ'च्या मृतांचे स्मारक उभे राहिले होते.