विरजण, पाव आणि साठ दिवसांचा नियम

आज आपण ब्राझीलमधल्या एका स्वयंपाकघरात डोकावणार आहोत. तिथल्या मीनास जेराइस राज्यात कॉफीबरोबर लिंबाएवढे गोल गोळे खातात, वरून खुसखुशीत आणि आतून चिवट-मऊ. त्यांचं नाव ‘पाऊं जी केजू’. केजू म्हणजे चीज. आणि पाऊं? तो आपला पावच. पोर्तुगीजांनी हा शब्द गोव्यात आणला, तिथून तो आपल्या वडापावापर्यंत पोचला. तोच शब्द त्यांनी ब्राझीललाही नेला. गंमत म्हणजे या पावात गव्हाचा कणही नसतो.

तो होतो कसाव्याच्या सत्त्वाचा. ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो, तोच हा कंद. आपल्याकडचा साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलमकडून, पण कंदाचं माहेर दक्षिण अमेरिका. पोर्तुगीज जहाजं १५०० साली तिथं लागली, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या आदिवासी बायका हा कंद किसून, पिळून, त्यातला विषारी रस काढून टाकून पीठ करत होत्या. पावासाठी लागतं ते आंबवलेलं सत्त्व. कंदाचा चीक पाण्याखाली बरेच दिवस आंबू देतात आणि मग उन्हात वाळवतात. ऊन हवंच. सावलीत वाळवलेलं सत्त्व भट्टीत तसं फुगत नाही. कुरडयांसाठी गहू भिजवून, चीक काढून गच्चीवर राखण करत बसलेल्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता चीजकडे येऊ. मीनास जेराइस म्हणजे खाणींचा मुलूख. १६९० नंतर तिथल्या डोंगरांत सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. सोनं खणलं आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. समुद्र लांब, वाट खेचरांची. गहू पोचायचा महाग आणि थोडा. दूध होतं, पण ते या वाटेवर टिकणार कसं? म्हणून त्याचं चीज करायचं. रीत पोर्तुगालची, पण गवत, पाणी आणि हवा इथली, त्यामुळे चवही इथलीच झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोनं आटत गेलं. गाई आणि चीज राहिलं.

वाळून टणक झालेलं चीज किसून कसाव्याच्या पिठात पहिल्यांदा कुणी घातलं? कागदावर कुणाचंच नाव नाही. मोठ्या शेतवाड्यांवर राबणाऱ्या गुलाम स्वयंपाकिणींनी, असं मीनासमध्ये सांगतात. आम्हाला ते पटतं, कारण चुलीपुढे त्याच उभ्या होत्या.

हे चीज कसं करतात ते जरा सावकाश सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरूनच झाली. गाईची धार काढली की दूध न तापवता तसंच गाळून घेतात. त्यात दूध फाडणारं रेनेट घालतात. हे मुळात वासराच्या जठरातून मिळतं. त्याबरोबर घालतात ‘पींगो’, म्हणजे थेंब. काल साच्यात भरून वर जाडं मीठ लावलेल्या चीजमधून रात्रभर जे खारट पाणी ठिबकतं, ते भांड्यात धरून ठेवायचं आणि आजच्या दुधात घालायचं. म्हणजे आपलं विरजणच की! कालच्यातून आज, आजच्यातून उद्या. एखाद्या घरचं पींगो बिघडलं तर शेजारच्या घरून आणतात. मग दही जमलं की मोडायचं, साच्यात हातानं दाबायचं, मीठ लावायचं आणि फळीवर ठेवून रोज उलटायचं. साधारण दहा लिटर दुधाचं एक किलो चीज होतं. पुष्कळ घरांत धार पुरुष काढतात आणि चीज बायका करतात. तिथल्या कनास्त्रा डोंगरातलं आणि सेर्रो गावाकडचं चीज फार नावाजलेलं.

(जाता जाता, त्या देशातल्या गाईही आपल्याला अनोळखी नाहीत. सौराष्ट्राची गीर गाय तिकडे नेली, होल्स्टीनशी तिचा संकर केला, आणि त्या जातीला नाव दिलं जिरोलांदो.)

१९५२ साली ब्राझीलच्या केंद्र सरकारनं नियम केला, की कच्च्या दुधाचं चीज साठ दिवस मुरवल्याशिवाय विकायचं नाही. भीती खोटी नव्हती. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस पसरू शकतात. पण नियम लिहिताना डोळ्यांसमोर कारखाना होता. चार-सहा गाईंच्या घरानं दोन महिने माल अडकवून ठेवायचा, तर दरम्यान मिठाचे आणि पेंडीचे पैसे कुठून द्यायचे? शिवाय लोकांना हे चीज लागतं दोन-तीन आठवड्यांचं. झालं असं, की आजी-पणजीपासून चालत आलेलं काम एका सहीनं चोरटं ठरलं. चीज शहरात जातच राहिलं, पण लपूनछपून. पकडलं गेलं तर जप्ती आणि नासाडी. आमच्यातल्या पापड-लोणची करणाऱ्या ज्या बायकांना ‘कागद कुठे आहे?’ हा प्रश्न ऐकावा लागला आहे, त्यांना हे लगेच कळेल.

सुटका हळूहळू झाली. २००२ साली मीनास राज्यानं आपला कायदा केला. घरगुती चीजला मान्यता दिली, पण गाईंची तपासणी, लसीकरण आणि स्वच्छ पाणी यांची अट घातली. आमच्या मते उपाय हाच होता. तो सुचायला पन्नास वर्षं लागली. २००८ मध्ये ही रीत देशाचा वारसा म्हणून नोंदली गेली. तरीही राज्याची हद्द ओलांडली की अडचण होतीच. २०१५ साली फ्रान्समधल्या तूर शहरातल्या स्पर्धेत कनास्त्राच्या चीजला रौप्यपदक मिळालं, आणि २०१७ साली रिओच्या एका संगीत महोत्सवात रोबेर्ता सुदब्राक या नामवंत शेफबाईंचं चीज आणि सॉसेज केंद्राचा शिक्का नाही म्हणून जप्त झालं. त्यावर देशभर आरडाओरडा झाला. २०१८ आणि २०१९ च्या कायद्यांनी घरगुती चीज देशभर विकायची वाट काढली. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं मीनासच्या चीजची रीत मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली.

पावाचं मात्र वेगळंच झालं. त्याला कुणी अडवलं नाही, त्याचा कारखाना झाला. १९९० मध्ये बेलो होरिझोंची शहरात दाल्वा नावाच्या बाईंच्या घरच्या पाककृतीवर त्यांच्या कुटुंबानं गोठवलेल्या पावांचा धंदा काढला. १९९९ मध्ये तो अमेरिकन कंपनीला विकला आणि दहा वर्षांनी परत विकत घेतला.

घरी करायचा असेल तर पाव किलो कसाव्याचं सत्त्व घ्या. बाजारात ते टॅपिओका स्टार्च म्हणून मिळतं. साबुदाण्याचं पीठ चालत नाही, कारण साबुदाणा करताना सत्त्वाला आधीच वाफ लागलेली असते. अर्धा कप दूध, पाव कप तेल आणि मीठ एकत्र उकळून पिठावर ओता आणि कालवा. कोमट झालं की एक अंडं आणि सव्वाशे ग्रॅम किसलेलं चीज घालून मळा. आपल्याकडचं साधं चीज खारट असतं, तेव्हा मीठ बेतानं. तेलाच्या हातानं लहान गोळे करून तापलेल्या ओव्हनमध्ये एकशे ऐंशी अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. आंबवलेलं सत्त्व नसल्यानं आपला पाव थोडा कमी फुगेल. गरम असतानाच खा, गार झाला की चामट होतो.