अलेप्पोच्या गव्हातलं एक बीळ

पाळीव प्राण्यांच्या दुकानात चाकावर धावणारा सोनेरी हॅमस्टर उंदरासारखा दिसतो, पण घरातले उंदीर आणि शेतातल्या घुशी एका कुळातल्या आणि हा दुसऱ्या. त्याचं कुळ क्रायसेटिडी. बर्फाळ प्रदेशातले लेमिंग, गवताळ रानांतले व्होल, पाणथळीतला मस्करॅट आणि अमेरिका खंडांतले बहुतेक देशी उंदीर याच कुळातले. सातशेहून अधिक प्रजाती आहेत. बराच काळ अनेक अभ्यासक या साऱ्यांना घरउंदरांच्याच कुळात घालत; जनुकांची तुलना होऊ लागली तेव्हा दोन्ही घराणी वेगळी असल्याचं पक्कं झालं.

या प्रचंड गोतावळ्यात सोनेरी हॅमस्टरची कथा मला सगळ्यांत विलक्षण वाटते. १८३९ साली वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोहून आलेल्या एका नमुन्यावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं शास्त्राचं त्याच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. मग जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर लीशमानियाचा, म्हणजे काळा आजाराच्या परजीवीचा अभ्यास करू लागले. प्रयोगासाठी त्यांच्याकडे चिनी हॅमस्टर होते, पण ते पिंजऱ्यात वितच नसत. जवळपासच्या मुलखातला एखादा हॅमस्टर मिळेल का, असं त्यांनी इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञांना विचारलं.

एप्रिल १९३०. अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतात स्थानिक मजुरांनी अहारोनींसाठी खणायला घेतलं. बरंच खोल गेल्यावर बीळ उघडं पडलं. आत एक मादी आणि अकरा पिल्लं. घाबरलेल्या मादीने एका पिल्लाला मारलं. याला क्रौर्य म्हणणं चूक ठरेल. बीळ उद्ध्वस्त झालं की हॅमस्टरची आई असं करते. पण उरलेली पिल्लं वाचवण्यासाठी अहारोनींनी तिलाच मारलं. आज जगभर पसरलेल्या वंशाची ती मूळ माता, आणि तिचं एकही नातवंड तिच्या हयातीत जन्मलं नाही.

आईविना पिल्लं हाताने वाढवली गेली. जेरुसलेमला पोचल्यावर काही पिंजऱ्याचं लाकूड कुरतडून पळाली, काही मेली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, त्या सख्ख्या भावंडांचीच जोडी लावली, आणि वर्षभरात दीडशेच्या घरात हॅमस्टर झाले. गर्भारपण जेमतेम सोळा दिवसांचं, म्हणजे सस्तन प्राण्यांत अतिशय कमी, आणि एका वेतात आठ-दहा पिल्लं. त्यामुळे हे शक्य झालं. १९३१ साली अ‍ॅडलरांनी काही हॅमस्टर इंग्लंडला नेले, कोटाच्या खिशातून. तिथून ते प्रयोगशाळांत आणि मग घराघरांत पोचले.

शरीरानेही हा प्राणी शास्त्राला फार उपयोगी पडला. दोन्ही गालांना खांद्यामागपर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात. त्यांत धान्य कोंबून तो बिळातली कणगी भरतो. पिशवीच्या आत शरीराची प्रतिकारशक्ती परक्या पेशींना सहज हाकलत नाही, म्हणून कर्करोगाच्या अभ्यासात तिथे गाठींचं रोपण करता आलं.

अलेप्पोच्या पठारावरचा मूळ रानटी हॅमस्टर मात्र धोक्यात आहे. तिथला शेतकरी त्याला धान्यचोर समजून मारतो, आणि त्याची अडचण खरी आहे. तरी पिंजऱ्यात लाखो आहेत म्हणून रानातला गेला तरी चालेल, हे मला मुळीच पटत नाही. पिंजऱ्यातले जवळजवळ सगळे एकाच वेतातून आलेले. जातीचं जनुकीय वैविध्य त्या पठारावरच आहे.

कोव्हिडच्या साथीत हा वंश पुण्यातही कामी आला. नव्या विषाणूने हॅमस्टरच्या फुप्फुसांत माणसासारखाच आजार होतो, हे दिसलं होतं. राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोव्हॅक्सिनची परीक्षा याच सोनेरी हॅमस्टरवर घेतली. लस दिलेल्यांच्या फुप्फुसांतून विषाणू लवकर नाहीसा झाला.