पाच दिवसांत झालेलं पुस्तक

आमच्या वारज्याच्या फ्लॅटवर आम्ही तिघे पीएचडीवाले राहतो. त्यातले दोघे सीएचबीवर शिकवतात, त्यामुळे सेमिस्टर सुरू झालं की लेखन बंद. मग दर उन्हाळ्यात तोच विषय निघतो: निवासी लेखन शिबिर. कुठेतरी पाच दिवस जाऊन बसलो ना, तर एक चॅप्टर नक्की होईल! आणि दाखला ठरलेला असतो, साने गुरुजींचा. ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहिलं की त्यांनी.

मी विज्ञान शाखेचा, त्यामुळे आकडा ऐकला की तो मोजला कसा, हे विचारायची खोड आहे. आकडा तसा खरा आहे. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३, नाशिकचा तुरुंग. काही भाग त्यांनी बाहेर आल्यावर लिहिला, पण पुस्तकाचा मोठा हिस्सा त्या पाच दिवसांतला. प्रश्न एवढाच की घड्याळ कधी सुरू करायचं?

१९२४ ते १९३० अशी सहा वर्षं गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयाचं कामही बघत होते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढायचे, तेही हाताने लिहून. रोज! म्हणजे आपण ज्याला ‘लिहायला वेळच मिळत नाही’ असं म्हणतो, त्या नोकरीत हा माणूस रोज मजकूर पाडत होता. नंतर १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. ती अठरा प्रवचनं गुरुजींनी ऐकता ऐकता उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातूनच उभं राहिलं.

आता ‘श्यामची आई’ची रचना बघा. प्रकरणांना नाव ‘रात्र’. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक गोष्ट सांगतो, ते ऐकतात, मध्येच बोलतात. हा साचा मला तरी छात्रालयातला वाटतो. मुलांसमोर बोलून बोलून घोटलेला आवाज आणि बोललेलं झरझर कागदावर आणणारा सरावलेला हात. नाशिकला फक्त या दोन्हींची गाठ पडली. हा माझा अंदाज आहे, पुरावा म्हणून कुठे लावू नका.

दुसरा दाखला टिळकांचा. तेही मुळात मास्तरच, १८८० पासून दहाएक वर्षं गणित शिकवलेले. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’चा खर्डा २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या काळात लिहिला. पाचच महिने, शिसपेन्सिलीने, सुटे कागद द्यायचे नाहीत म्हणून पानं मोजून बांधलेल्या वह्यांत. पण त्यांची प्रस्तावना वाचा (प्रबंधाची प्रस्तावना लिहिण्याआधी प्रत्येकाने वाचावी अशी आहे). त्यात ते मागे १८७२ पर्यंत जातात. वडील अखेरच्या आजारात होते आणि सोळा वर्षांच्या मुलाकडे त्यांना गीतेवरची टीका वाचून दाखवायचं काम होतं. तिथे पडलेला प्रश्न. पुढे १९०२ साली नागपुरात त्यावर व्याख्यान. म्हणजे खर्ड्याआधी अडतीस वर्षं!

खर्ड्यानंतरचं तर आपण सोडूनच देतो. मंडालेत सगळे ग्रंथ हाताशी नव्हते, त्यामुळे जागोजागी अपुरं राहिलं होतं. जून १९१४ मध्ये सुटका झाली, वह्या सरकारकडून परत यायला आणखी वेळ गेला, मग संदर्भ भरले आणि पुस्तक १९१५ साली निघालं. मुद्रणप्रत सिंहगडावरच्या बंगल्यात तयार झाली असं सांगतात. तो गड वारज्यापासून काही फार लांब नाही, आणि आमच्यातल्या एकाला शिबिरासाठी तिथेच खोली घ्यायची आहे.

तुरुंगाला ‘रिट्रीट’ म्हणायची गंमत मात्र मला फारशी रुचत नाही. टिळक मंडालेत असताना १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या. शिवाय हा सर्व्हायव्हरशिप बायसही आहे. ज्या कैद्यांच्या कोठडीतून एकही पान बाहेर आलं नाही, त्यांची नावं आपण दाखल्यात घेत नाही.

परवा मी माझ्या टिपणवह्या काढून बसलो. तिसऱ्या चॅप्टरची टिपणं भरली अकरा पानं. त्यातली चार दुसऱ्या चॅप्टरची निघाली. शिबिराचा फॉर्म अजून टेबलावरच पडलाय.