‘द वेस्ट लँड’ : टिपांकडून आवाजांकडे

टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘द क्रायटेरियन’च्या पहिल्या अंकात छापली गेली, तेव्हा तिच्यासोबत एकही टीप नव्हती. टिपा आल्या त्या त्याच वर्षीच्या डिसेंबरात, न्यूयॉर्कहून निघालेल्या पुस्तकात. नुसती कविता पुस्तकाला तोकडी पडत होती, हे कारण एलियटने १९५६ च्या एका व्याख्यानात स्वतःच सांगितले आणि आपल्या टिपांची खोटे पांडित्य म्हणून संभावना केली. तोवर उशीर झाला होता. कविता वाचण्याऐवजी तिचे संदर्भ शोधण्याची सवय विद्यापीठांना लागली होती. (आम्ही शिक्षकही त्यातलेच; संदर्भावर प्रश्न काढणे सोपे असते.)

जून २०११ मध्ये फेबर आणि टच प्रेस यांनी ही कविता आयपॅडवर आणली, तेव्हा हाच रोग बळावेल अशी रास्त शंका होती. ओळीला बोट लावावे आणि टीप समोर यावी, अशी सोय तिथे होतीच. एझरा पाउंडच्या काटछाटीसह मूळ हस्तलिखितही होते. ते १९७१ मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले होते; त्यामुळे तिथे नवे फारसे काही नव्हते.

खरे नवे होते ते आवाज. एलियटची स्वतःची १९३३ आणि १९४७ ची वाचने, अ‍ॅलेक गिनेस, टेड ह्यूज, व्हिगो मॉर्टेन्सन, शिवाय फिओना शॉचे चित्रित सादरीकरण. आणि वाचन चालू असतानाच एका आवाजावरून दुसऱ्यावर जाण्याची मुभा. हा खेळ वाटेल. पण हस्तलिखितात पहिल्या दोन भागांना एलियटने दिलेले शीर्षक डिकन्सच्या कादंबरीतून उचलले होते, आणि ते वेगवेगळ्या आवाजांत वाचून दाखवणाऱ्या एका पोराविषयीचे होते. म्हणजे यंत्राने कवितेवर काही लादले नाही. १९२२ च्या छापील पानाने जे दडवले होते, ते मोकळे केले. दुसऱ्या भागातला दारूच्या गुत्त्यातला प्रसंग एलियटच्या संथ स्वरात ऐकावा आणि लगेच शॉच्या तोंडून. बोलणारी बाई कोण, हे मग कुणी सांगावे लागत नाही.

शेवटच्या भागातला मेघगर्जनेचा उपदेश बृहदारण्यक उपनिषदातला, हे टीप सांगते. उपनिषदातला क्रम मात्र दम, दान, दया असा आहे. एलियटने तो दान, दया, दम असा फिरवला. टिपेत या बदलाविषयी अवाक्षर नाही. पण कविता सलग ऐकताना आपल्याकडच्या विद्यार्थ्याचा कान तिथे अडतो, आणि संयम शेवटी का ठेवला, हा प्रश्न तो स्वतःच विचारतो.